पूल चालू, चाळणी बंद

या महिन्यात आलेल्या प्रश्नांमधे निम्म्याहून जास्त स्पॅमचे आहेत, आणि त्यातले बरेचसे अशा ऑफिसांचे जिथे नेटच्या वायरीत मधेच एक ब्रिज फायरवॉल (येणंजाणं राखणारा, वायरीत पुलासारखा बसलेला कॉम्प्युटर) बसवलाय आणि तोच मेलही गाळतो. त्यामुळे यावेळी दुसरं काही घेतलंच नाही, प्रिंटरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

प्रश्न : नमस्कार सर, मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसचे कॉम्प्युटर बघतो. तसा मी अकाउंट्सचा माणूस, पण ज्याला प्रिंटर चालू करता येतो त्याच्याच गळ्यात सगळं पडतं. आमचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, पोस्टफिक्स. राउटर आणि स्विचच्या मधे एक जुना डेस्कटॉप आहे, दोन लॅन कार्डवाला, त्यावर लिनक्स आणि ब्रिज फायरवॉल, आधीच्या मुलाने बसवलेला, तो आता पुण्याला गेला. बाहेरून येणारा मेल या डेस्कटॉपवर स्पॅमअसॅसिन या स्पॅम गाळणाऱ्या प्रोग्राममधून जाऊन मग सर्व्हरला जायचा. दिवाळीच्या आधी त्याची हार्डडिस्क गेली. नवीन डिस्क टाकली, लिनक्सचं नवीन व्हर्जन टाकलं, बॅकअपमधली तीच स्क्रिप्ट चालवली, एकही एरर नाही. नेट चालतंय, मेल येतोय, पण स्पॅम सगळं आत येतंय आणि हेडरमधे एक्स-स्पॅमवाली ओळच दिसत नाही. स्पॅमअसॅसिन चालू आहे, तीनदा बघितलं. माझ्या मशीनवरून टेस्ट मेल पाठवला तरी तेच. स्क्रिप्ट सोबत जोडली आहे. काय बघू?

उत्तर : आधी तुमच्या टेस्टबद्दल बोलू, कारण यात सगळेच फसतात, मीही फसलोय. तुमचं मशीन आणि मेल सर्व्हर दोन्ही एकाच स्विचवर आहेत ना? मग तुम्ही पाठवलेला मेल स्विचवरूनच सर्व्हरला गेला, तो ब्रिजवरून गेलाच नाही. ब्रिज आहे राउटरच्या बाजूला. घरातल्या घरात हाक मारली आणि म्हटलं वॉचमनने ऐकलंच नाही, तसं झालं हे. टेस्ट बाहेरूनच करायची, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी मेल खात्यावरून. त्यात जीट्यूब नावाची ठरलेली ओळ टाकायची, स्पॅमअसॅसिनच्या कागदपत्रात ती छापलेलीच आहे, ती दिसली की तो डोळे झाकून १००० गुण देतो आणि मर्यादा मुळात असते ५ ची. म्हणजे "नीट ओळखता आलं नसेल" ही शंकाच उरत नाही, मेल एकतर त्याच्यासमोर आला किंवा आला नाही.

आता तुमच्याकडे तो येतच नाहीये, आणि याचं कारण स्क्रिप्टमधेच आहे. चौथी ओळ बघा, ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स मधे १ लिहा असं सांगणारी, आणि तिच्या शेवटी एरर डेव-नलमधे, म्हणजे लिनक्सच्या कचऱ्याच्या डब्यात फेकलीय. म्हणून तुम्हाला एकही एरर दिसली नाही. एरर आली होती हो, तुमच्या त्या मुलाने तिच्या तोंडावर आधीच हात ठेवला होता!

ब्रिज हा मुळात अडाणी असतो, आणि तेच त्याचं काम आहे. या कार्डावर आलेली फ्रेम मॅक ॲड्रेस बघून त्या कार्डावर सोडायची, आत आयपी काय आहे, पोर्ट २५ (मेल) आहे की ८० (वेब), त्याला घेणंदेणं नसतं. तुमचे सगळे नियम आहेत आयपीटेबल्सचे, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचे, ते एक मजला वर बसतात. या दोघांना जोडणारा जिना म्हणजे बीआर-नेटफिल्टर. जुन्या लिनक्समधे ब्रिज लोड झाला की हा जिना आपोआप असायचा, २०१४ च्या शेवटी कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१८ आला तेव्हापासून तो वेगळं मॉड्यूल (कर्नलला लागेल तेव्हा जोडायचा तुकडा) झालाय आणि मागितल्याशिवाय येईलच असं नाही. मॉड्यूल नाही म्हणजे ती सेटिंगची फाइलच नाही, मग १ लिहिणार कुठे. डिस्क जाण्याआधी तुमचा डेस्कटॉप त्याच्याही आधीच्या लिनक्सवर चालत असणार, म्हणून इतकी वर्षं कोणाला काही कळलं नाही.

खात्री करायची तर आयपीटेबल्सच्या नॅट टेबलची (पॅकेटवरचे पत्ते बदलणाऱ्या नियमांची) यादी व्ही आणि एन लावून काढा. पोर्ट २५ चा मेल स्पॅमअसॅसिनकडे वळवणाऱ्या रीडायरेक्टच्या ओळीसमोर पहिल्या रकान्यात पॅकेटचा आकडा असतो. माझी पैज आहे की तिथे ० असेल, आणि मेल धडाधड येत असताना पाच मिनिटांनी परत बघितलं तरी ० च. नियम लिहिलेला आहे, बरोबर आहे, फक्त त्याच्या दारात कोणी येत नाही. ब्रिजच्या रोगात मी सगळ्यात आधी हाच रकाना बघतो, लॉग नंतर.

मग मॉडप्रोब कमांडने बीआर-नेटफिल्टर लोड करा, त्यानंतरच ती १ वाली ओळ चालवा, आणि डेव-नल काढून टाका कृपा करून. मशीन रीस्टार्ट झालं की परत शून्यावर यायचं नसेल तर मॉड्यूलचं नाव मॉड्यूल्स-लोड-डी फोल्डरमधे लिहून ठेवा. नुसतं सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाइलमधे १ लिहून ठेवणारे बरेच जण आहेत, पण बूट होताना ती फाइल वाचली जाते तेव्हा मॉड्यूल आलेलं नसेल तर ते १ वाया जातं, आणि सोमवारी सकाळी वीज जाऊन आली की पुन्हा पहिल्यापासून रडगाणं.

अजून एक, ब्रिजला स्वतःचा आयपी लागतो, आणि तो बीआर-झिरोवर (लिनक्समधे ब्रिजचं हे नाव) द्यायचा, कार्डावर नाही. नुसतं इकडून तिकडे सोडायला आयपी लागत नाही, म्हणून काही लोक अभिमानाने सांगतात की आमचा फायरवॉल अदृश्य आहे. पण रीडायरेक्टचा अर्थच असा की पॅकेटवरचा पत्ता बदलून माझा पत्ता टाक. आता माझा पत्ताच नसेल तर काय टाकणार? पॅकेट गायब होतं आणि मग मेल यायचेच बंद होतात. शिवाय नियम अपडेट करायला आणि ब्लॅकलिस्ट विचारायला स्पॅमअसॅसिनला स्वतःला बाहेर जावं लागतं, म्हणजे गेटवे (बाहेर जायचा रस्ता) आणि डीएनएसही (नावावरून पत्ता सांगणारा) हवा.

त्याच वाचकांचा दुसरा मेल, आठ दिवसांनी : सर, तुम्ही सांगितलं तसं केलं, आकडा पळायला लागला, जीट्यूबवाला मेल पकडला गेला, ऑफिसात पेढे वाटायचे बाकी होते. पण परवापासून वेगळंच. सर्व्हरच्या क्यूमधे (पाठवायच्या रांगेत) हजारो मेल अडकलेत, सगळे कुठल्या कुठल्या परदेशी पत्त्यांवर, आमच्यातल्या कोणी पाठवलेले नाहीत. आणि सुरतच्या व्यापाऱ्याला पाठवलेला कोटेशनचा मेल परत आला, म्हणे आमचा आयपी ब्लॅकलिस्टमधे आहे. व्हायरस असेल का? सगळी मशीन स्कॅन केली, काही नाही सापडलं.

उत्तर : व्हायरस नाही. तुमचा सर्व्हर ओपन रिले झालाय, म्हणजे रस्त्यावरचा कोणीही येऊन तुमच्या नावाने जगाला मेल पाठवतोय, आणि हे बऱ्याच अंशी माझ्या मागच्या उत्तराने झालं, कारण मी अर्धंच सांगितलं. सॉरी म्हणतो आणि आता पुढचं सांगतो.

हे वाचताय तिथेच थांबून आधी रीडायरेक्टचा नियम काढा. चार दिवस स्पॅम आलं तर येऊ दे. क्यू पोस्टसुपर कमांडने होल्डवर टाका म्हणजे गळती थांबेल, मग त्यातले तुमचे खरे मेल शोधून बाकीचे पुसा.

आता सर्व्हरचा मेल लॉग उघडा आणि कोण कोण कनेक्ट झालं ते बघा. सगळ्या ओळींमधे एकच पत्ता दिसेल, तुमच्या ब्रिजचा, म्हणजे १९२.१६८.१.२. रशियातून आला, ब्राझीलमधून आला, सुरतहून आला, सगळे १९२.१६८.१.२. असं का, तर ब्रिजवरचा प्रॉक्सी, म्हणजे मेल स्पॅमअसॅसिनमधून नेणारा मध्यस्थ, बाहेरच्याचं कनेक्शन स्वतः घेतो आणि सर्व्हरकडे स्वतःचं नवीन कनेक्शन काढतो. सर्व्हरला वाटतं अख्खं जग आपल्याच ऑफिसात खुर्ची टाकून बसलंय. आणि पोस्टफिक्समधे मायनेटवर्क्स म्हणून एक ओळ असते, या पत्त्यांवरून आलेला माणूस घरचा, त्याला पासवर्ड न विचारता कुठेही मेल पाठवू द्या. तिथे तुमचं १९२.१६८.१.०/२४ आहेच.

मग आधी इतकी वर्षं का नाही झालं? हे मलाही कळेना, म्हणून तुमच्याकडून ती फाइल मागवली. ओळ अशी आहे, आधी उद्गारचिन्ह लावून १९२.१६८.१.२५० आणि त्यानंतर १९२.१६८.१.०/२४. उद्गारचिन्ह म्हणजे "हा सोडून". पोस्टफिक्स ही यादी डावीकडून वाचतो आणि पहिलं जुळलं तिथेच थांबतो, म्हणून तो अपवाद आधी लिहिलाय. जुन्या ब्रिजचा आयपी २५० होता, त्या मुलाने त्याला बरोबर वगळलं होतं. डेव-नलचं सोडलं तर पोरगं हुशार होतं! डिस्क बदलल्यावर तुम्ही ब्रिजला २ दिला आणि वगळलेला २५० तसाच राहिला, आता त्या पत्त्यावर कोणी राहतच नाही.

तेव्हा एकतर ब्रिजला परत २५० द्या किंवा त्या ओळीत २ वगळा, रीडायरेक्टचा नियम परत लावा, आणि मग बाहेरच्या एखाद्या मशीनवरून टेलनेटने पोर्ट २५ ला जाऊन, पाठवणारा पत्ता तिऱ्हाईत आणि घेणाराही तिऱ्हाईत असा देऊन बघा. "रिले ॲक्सेस डिनाइड" असं आलं पाहिजे. मोबाइलच्या नेटवरून करू नका, तिथे बऱ्याचदा २५ बाहेर जाऊच देत नाहीत आणि तुम्हाला उगाच वाटेल की सगळं बंद झालं. फिरतीवरचे सेल्सवाले पोर्ट ५८७ वरून पासवर्ड टाकून पाठवतात, त्यांना याचा त्रास नाही. ब्लॅकलिस्टमधून नाव काढायचा अर्ज हे सगळं झाल्यावर, आधी अजिबात नाही, कारण काढलं आणि परत लागलं की दुसऱ्यांदा ते तितक्या सहज ऐकत नाहीत.

आता माझं मत ऐका, पटलं तर घ्या. हे स्पॅम गाळायचं काम ब्रिजवरून उचलाच. ब्रिजने पोर्ट राखावेत, कोण आत येतं कोण नाही ते बघावं, बास. मेल गाळणाऱ्याला दोन गोष्टी दिसाव्याच लागतात, पाठवणाऱ्याचा खरा आयपी आणि मेलचा मजकूर. ब्रिजवर प्रॉक्सी टाकला की पुढे सर्व्हरला खरा आयपी दिसत नाही, त्यामुळे सर्व्हरवर एसपीएफ (हा आयपी त्या नावाने मेल पाठवायला अधिकृत आहे का) तपासत असाल तर तो निकाल कचरा, ग्रेलिस्टिंग (अनोळखी पाठवणाऱ्याला आधी परत यायला सांगणं) कचरा, कारण सगळ्यांचा पत्ता तोच. टीप्रॉक्सी वापरून खरा आयपी टिकवता येतो, पण त्यासाठी ईबीटेबल्सच्या, म्हणजे ब्रिजच्या पातळीवरच्या नियमांच्या, ब्राउट टेबलमधे नियम लिहावे लागतात, आणि तिथे ड्रॉप याचा अर्थ फेकून द्या असा नसून "ब्रिज करू नका, वर रूटिंगला द्या" असा आहे. जिथे शब्दाचा अर्थच उलटा होतो तिथे रात्री अकरा वाजता अकाउंट्सच्या माणसाने जाऊ नये असं मला वाटतं.

आणि मजकुराचं तर अजून अवघड. आजकाल मोठे मेलवाले समोरचा सर्व्हर स्टार्टटीएलएस म्हणाला की लगेच बोलणं कुलूपबंद करतात. मधे बसून नुसतं ऐकणाऱ्या फिल्टरला त्यानंतर फक्त गिचमिड दिसते. मग काही फायरवॉल काय करतात, तर सर्व्हरच्या उत्तरातून स्टार्टटीएलएस हा शब्दच खोडून त्याजागी एक्स-एक्स-एक्स टाकतात, म्हणजे पाठवणाऱ्याला वाटतं यांच्याकडे कुलूपच नाही आणि तो उघड्यावर पाठवतो. तुमचे बिलं, बँकेचे तपशील, सगळं उघड्यावर, का तर आपल्याला स्पॅम वाचायचंय. तुमचा प्रॉक्सीही टीएलएस बोलत नाही, म्हणजे सध्या तुमचा येणारा सगळा मेल असाच येतोय.

स्पॅमअसॅसिन मेल सर्व्हरवरच मिल्टर (सर्व्हरला जोडलेला फिल्टर) म्हणून बसवा. तिथे कुलूप सर्व्हर स्वतः उघडतो, खरा आयपी समोर असतो, आणि ब्रिजची डिस्क पुन्हा गेली तर वायर सरळ जोडली तरी स्पॅम गाळणं चालू राहतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, रविवारी करा.

प्रश्न : नाशिकहून लिहितोय, आर्किटेक्टचं ऑफिस. फायरवॉल ब्रिज टाकल्यापासून साधे मेल लगेच जातात पण ड्रॉइंग जोडलेले मेल "पाठवतोय पाठवतोय" करत अडकतात आणि मग टाइमआउट. बसवणारे म्हणतात स्पॅम फिल्टर मोठी फाइल तपासतोय, वेळ लागणारच. २ एमबीच्या फाइलला अर्धा तास?

उत्तर : नाही लागत अर्धा तास, आणि फिल्टरचा यात काही दोषही दिसत नाही. छोटं जातं आणि मोठं अडकतं हे ऐकलं की मी आधी पॅकेटच्या मापाकडे बघतो. तुमचं फायबर कनेक्शन युजरनेम पासवर्ड टाकून चालतं का? म्हणजे ते पीपीपीओई आहे, त्यात पॅकेटचं माप १५०० ऐवजी १४९२ असतं, आठ बाइट त्या पाकिटालाच लागतात. छोटा मेल कसाही मावतो. मोठ्या मेलची पॅकेट पूर्ण १५०० ची निघतात, राउटर ती नाकारतो आणि उलट निरोप धाडतो की बाबा लहान करून पाठव. हा निरोप आयसीएमपीने येतो, आणि सुरक्षेच्या नावाखाली ब्रिजवर आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं, म्हणजे निरोप दारातच मेला. तुमचं मशीन बिचारं तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतं.

आयसीएमपीचा टाइप ३ कोड ४, म्हणजे हाच निरोप, ब्रिजवर सोडा, आणि राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटचं माप आधीच लहान ठरवून देणं) चालू करा. तरीही अडकलं तर ब्रिजच्या दोन्ही कार्डांवर इथटूल कमांडने एलआरओ बंद करून बघा. काही कार्ड आलेली पॅकेट हुशारीने एकत्र शिवून एकच मोठं पॅकेट करतात, स्वतःसाठी ते ठीक आहे पण ब्रिजला ते पुढे सोडायचं असतं आणि तिथे ते मावत नाही.

प्रश्न : आमची सातारा जिल्ह्यातली पतसंस्था. सभासदांचे मराठी मेल स्पॅममधे जातात आणि इंग्रजीत लॉटरी लागल्याचे मेल इनबॉक्समधे येतात. फिल्टर मराठीद्वेष्टा आहे का?

उत्तर : फिल्टर नाही, पण ज्याने सेट केला त्याला मराठीत कोणी मेल लिहील असं वाटलं नसावं. स्पॅममधे गेलेल्या एका मराठी मेलचं हेडर उघडा, एक्स-स्पॅम-स्टेटसच्या ओळीत कुठल्या नियमाने गुण चढवले त्यांची नावं असतात. त्यात अनवाँटेड-लँग्वेज-बॉडी दिसलं तर समजा टेक्स्टकॅट नावाचं भाषा ओळखणारं प्लगइन कोणीतरी मुद्दाम चालू केलंय आणि ओके-लँग्वेजेसमधे फक्त ईएन (इंग्रजी) लिहून ठेवलंय. हे प्लगइन सुरुवातीला बंदच असतं, म्हणजे हा उद्योग हाताने केलेला. त्याच ओळीत एमआर आणि एचआय घाला. मराठीचा कोड एमआर त्या यादीत आहे, आपल्याला कोणाकडे मागायला जायचं नाही.

लॉटरीवाल्यांसाठी बेझला, म्हणजे फिल्टरच्या मेल बघून शिकणाऱ्या भागाला शिकवा. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय तो तोंडच उघडत नाही, आणि लोक नेमके नुसते स्पॅमच दाखवतात. चांगले मेल दाखवताना सभासदांचे मराठी मेल भरपूर घाला, व्याजदर, ठेव, कर्जाचे हप्ते हे सगळे शब्द तुमच्याकडे रोजचे आहेत, पण नवख्या बेझला तेच लॉटरीसारखे वाटू शकतात.

प्रश्न : डोंबिवली. जुना स्पॅम फिल्टर आहे फायरवॉलमधेच, काल संध्याकाळपासून प्रत्येक मेल स्पॅम. अगदी माझ्या बायकोचासुद्धा. काल मी फक्त डीएनएस बदलून ८.८.८.८ केला होता, त्याचा काही संबंध?

उत्तर : शंभर टक्के. स्पॅमहाउस या संस्थेची स्पॅमवाल्यांच्या पत्त्यांची यादी ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारली की ते उत्तर देतात १२७.२५५.२५५.२५४, म्हणजे "असं विचारू नका". खरं "हा स्पॅमवाला आहे" हे उत्तर १२७.०.०.२ वगैरे असतं. जुन्या फिल्टरला एवढा फरक कळत नाही, काहीतरी १२७ आलं ना, मग गुन्हेगार. फायरवॉलवर स्वतःचा छोटा डीएनएस चालवा, अनबाउंड नावाचा प्रोग्राम चालेल, पण त्याला पुढे ८.८.८.८ कडे फॉरवर्ड करू नका नाहीतर फिरून तिथेच. आणि तोवर बायकोचे मेल स्पॅममधून काढून वाचा.